पॅनेलवरचे इस्पितळ आणि दारावरचा रुग्ण



गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेतील एका निवृत्त ट्रॅकमनला रात्री दोनच्या सुमारास छातीत कळ आली. तीस-बत्तीस वर्षे उन्हापावसात रूळ तपासत चाललेला हा गडी, सहसा कुरकुर न करणारा. मुलाने त्याला रिक्षात घातले आणि जवळच्या खाजगी इस्पितळात नेले. हे इस्पितळ रेल्वेच्या पॅनेलवर आहे, हे घरातल्या सर्वांना तोंडपाठ होते. उमीद कार्ड खिशात होते. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि सांगितले, "दादा, रेल्वेचा करार संपला. आता कॅशलेस नाही. पन्नास हजार डिपॉझिट भरा."

मुलाने मला फोन केला. आम्ही चौघांनी त्या रात्री स्टेशनपासून नाक्यापर्यंतची ए.टी.एम. पालथी घातली. दुसऱ्या दिवशी त्याच्या मालकिणीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने मात्र पैशांची वाट न पाहता इंजेक्शन दिले होते, हे नमूद केले पाहिजे. त्याच्यामुळे आमचा माणूस वाचला.

मी दोन दिवसांनी मेडिकल कचेरीत गेलो. फाईल उघडली तेव्हा कळले की करार तीन महिन्यांपूर्वीच संपला होता, मुदतवाढीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता. दवाखान्याच्या फलकावर मात्र त्या इस्पितळाचे नाव दिमाखात झळकत होते. मी विचारले, "रुग्णांना का कळवले नाही?" उत्तर मिळाले, "कळवायचे असे कुठे लिहिले आहे?" हे उत्तर ऐकून मी घरी आलो आणि ठरवले की या पॅनेल प्रकरणाचा एकदा छडा लावायचाच.

पॅनेल म्हणजे काय? सरकारी मराठीत याला 'नामिका' म्हणतात आणि यादीवरच्या इस्पितळाला 'नामिकाप्रविष्ट'. हा शब्द उच्चारेपर्यंत रुग्ण दगावायचा! आपण पॅनेलच म्हणू. खाजगी इस्पितळ अर्ज करते. सोबत नर्सिंग होमचे नोंदणीपत्र, अग्निशमन दलाचा दाखला, जैविक कचऱ्याची प्रदूषण मंडळाची परवानगी, सोनोग्राफी असेल तर १९९४ च्या कायद्याखालची नोंदणी, खाटांची संख्या, डॉक्टरांच्या पदव्या आणि कौन्सिलचे नोंदणी क्रमांक जोडते. एन.ए.बी.एच. या संस्थेचे गुणवत्ता प्रमाणपत्र असेल तर भाव चढतो, नसेल तर दर पंधरा टक्क्यांनी कमी. मग तपासणी होते, दर ठरतात, करारावर सह्या होतात. हे दर म्हणजे सी.जी.एच.एस.चे, केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे दर. ही योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. रेल्वे तिच्यात नाही, रेल्वेची स्वतःची इस्पितळे आहेत. पण खाजगी इस्पितळाशी करार करताना रेल्वेही हेच दर धरते.

यात एक मेख आहे, ती सर्वांनी ध्यानात ठेवावी. पॅनेल बहुधा सबंध इस्पितळाचे नसते, विभागाचे असते. कोणी फक्त डोळ्यांसाठी, कोणी दातांसाठी, कोणी नुसत्या तपासण्यांसाठी. बाहेर पाटी एकच. हाड मोडलेला माणूस पाटी वाचून आत जातो आणि तेथे समजते की करार मोतीबिंदूपुरता आहे.

आणि तपासणीत काय पाहतात? कागद पाहतात. कागद पाहू नयेत असे कोण म्हणेल? अग्निशमन दलाचा दाखला नसलेल्या इस्पितळात आपला माणूस जाळून मारायचा नाही. परंतु अर्जावर ज्या हृदयरोगतज्ज्ञाचे नाव आहे तो रात्री दोन वाजता तेथे असतो का? की आठवड्यातून दोन दिवस दुपारी येतो आणि त्याच्या पदवीवर इस्पितळ वर्षभर पॅनेलवर राहते? हा प्रश्न विचारायला तपासणी पथकात रुग्णाच्या बाजूचा माणूस लागतो. तो नसतो.

मी मॅट्रिक शिकलेला माणूस. खलाशी म्हणून लागलो, आज पन्नाशी उलटून गेली. एका कराराची प्रत मिळवली, इंग्रजीत, जाडजूड. मुलीला शेजारी बसवून चार रात्री वाचून घेतली. बिल किती दिवसांत द्यायचे, दंड कोणी भरायचा, नोटीस देऊन कोणी केव्हा बाहेर पडायचे, सारे आहे. करारातून एक पक्ष बाहेर पडला तर ज्याच्या नावाने हा सारा संसार मांडला त्या रुग्णाला कोणी, किती दिवस आधी कळवायचे, याची एक ओळ नाही. दोघांचा करार आहे, आणि आपण त्यात माल आहोत.

प्रशासन म्हणते, इस्पितळे आमच्या दरात यायला तयार नाहीत. इस्पितळ म्हणते, तुमची बिले महिनोन्‌महिने अडकतात, आम्ही पगार कशातून द्यायचे? बंधूंनो, दोघेही खरे बोलत आहेत, हीच तर गोम आहे! सी.जी.एच.एस.चे बहुतेक दर २०१४ सालचेच चालू होते. २०२३ मध्ये तपासणी फी, खोलीभाडे आणि आय.सी.यू.चे दर थोडे वाढवले. बाकीच्यांना हात लागला तो १३ ऑक्टोबर २०२५ पासून. अकरा वर्षे! या अकरा वर्षांत औषधाची कोणती पट्टी त्याच भावात राहिली? दर गोठवायचे, बिले अडवायची, आणि इस्पितळाने आपल्या रुग्णाला 'बेड रिकामा नाही' असे सांगितले की हात वर करायचे. त्याच बेडवर तासाभराने रोख पैसेवाला झोपलेला असतो. इस्पितळ साधू नाही, हे मलाही कळते. पण करारातल्या अटी पाळायला लावण्याचे काम ज्याचे, त्याने स्वतःची अट आधी पाळावी ना?

टपाल खात्यातील भावंडांची कथा वेगळी, पण दुखणे तेच. मुंबई, पुणे, नागपूर येथे सी.जी.एच.एस. आहे. पण कोकणातल्या एखाद्या खेड्यातला पोस्टमन त्यात कुठे बसतो? त्याला १९४४ चे वैद्यकीय नियम. आधी खिशातून भरा, मग बिले जोडा, मग वाट पाहा. निवृत्तीनंतर योजनेबाहेर राहिला तर महिन्याचा वैद्यकीय भत्ता, जो जुलै २०१७ मध्ये पाचशेचा एक हजार झाला. एक हजारात रक्तदाब आणि साखर या दोघांच्याच गोळ्या येत नाहीत. सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात उरलेले ३३ टपाल दवाखाने सी.जी.एच.एस.मध्ये विलीन करा, तसेच योजनेच्या क्षेत्राबाहेरच्या निवृत्तांसाठी तिकडची मान्यताप्राप्त इस्पितळे पॅनेलवर घ्या, असे सांगितले होते. म्हणजे आपण बोलतो ते आयोगालाही पटले होते. ग्रामीण डाक सेवकांचे तर नावच काढायला नको. ऊन असो पाऊस असो, टपाल तोच वाटतो, आणि यादीत मात्र तो कोठेच नाही.

रेल्वेवाल्यांना आणखी एक फटका आहे. आपली मराठी माणसे खांडवा, इटारसी, हुबळी, वाडी, वडोदरा अशी सगळीकडे पसरलेली. नोकरी एका झोनमध्ये आणि निवृत्तीनंतर घर दुसऱ्याच झोनमध्ये, हे आपल्याकडे घरोघरी आहे. निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरून तो आर.ई.एल.एच.एस.-९७ योजनेत शिरतो. पण पॅनेल झोनझोनचे, विभागाविभागाचे. गावाकडच्या जवळच्या इस्पितळाचा करार आहे की नाही, हे त्याने कोणाला विचारायचे?

काही शहाणे सांगतात, हे सगळे गुंडाळा आणि विमा घ्या. सातव्या आयोगानेही आरोग्य विम्याची शिफारस केली होती. मी त्यांना विचारतो, विम्यात पॅनेल नाही काय? तिथे त्याला 'नेटवर्क' म्हणतात, एवढाच फरक! जुलै २०१० मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळूर येथल्या अनेक मोठ्या इस्पितळांची कॅशलेस सोय बंद केली आणि ठराविक दर मान्य करणाऱ्यांचीच नवी यादी केली. दराचे भांडण कंपनी आणि इस्पितळाचे, पैसे मात्र पॉलिसीवाल्याने आधी स्वतः भरायचे. जानेवारी २०२४ मध्ये सामान्य विमा परिषदेने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' जाहीर केले. यादीबाहेरच्या इस्पितळातही कॅशलेस, पण ठरवून भरती व्हायचे असेल तर ४८ तास आधी कळवा, तातडीचे असेल तर भरती झाल्यापासून ४८ तासांत कळवा, आणि कंपनीच्या अटींत बसले तर. बोलाचीच कढी म्हणणार नाही, पण वाढणारा हात त्यांचाच आहे.

तेव्हा आगीतून फुफाट्यात जाण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, आपली स्वतःची इस्पितळे. भायखळ्याचे, मुंबई सेंट्रलचे, कल्याणचे, भुसावळचे. तज्ज्ञाची जागा भरायची नाही, मशीन बिघडले की बिघडलेलेच ठेवायचे आणि 'आहे ना पॅनेल' म्हणून रुग्ण बाहेर धाडायचा, हा खेळ आपण चालू दिला. होय, आपण! मी स्वतः पी.एन.एम.मध्ये कितीतरी वेळा 'पॅनेलवरील इस्पितळे वाढवा' एवढेच लिहून दिले आहे. कोणत्या अटीवर, कोणत्या विभागासाठी, किती दिवसांसाठी, हे एकदाही विचारले नाही. संख्या वाढली की आम्ही टाळ्या वाजवल्या. हा दोष प्रशासनाच्या माथी मारता येणार नाही.

दुसरी गोष्ट, कायदा आपल्या बाजूला आहे आणि आपल्याला ठाऊक नाही. सुरजित सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मानले की जीव वाचवण्याची वेळ आली तेव्हा माणूस सरकारी इस्पितळाच्या रांगेत थांबला नाही, हा त्याचा गुन्हा नव्हे. पुढे एप्रिल २०१८ मध्ये शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तर स्पष्टच सांगितले की इस्पितळाचे नाव यादीत नाही एवढ्याच कारणावरून निवृत्त कर्मचाऱ्याचा दावा फेटाळता येत नाही. उपचार खरोखर घेतला का आणि तो नोंदींवरून सिद्ध होतो का, हे पाहायचे. दावे एका महिन्यात निकालात काढण्यासाठी सचिव पातळीवर समिती नेमा, असेही बजावले. हा निकाल सी.जी.एच.एस.च्या निवृत्ताचा होता, पण आपल्या दाव्याला त्याचा आधार घ्यायला कोणाची बंदी आहे? आमच्या ट्रॅकमनच्या दाव्याला मी निकालाची प्रत जोडली. साहेबांनी विचारले, "हे कोणी दिले?" मी म्हटले, "सुप्रीम कोर्टाने."

दाव्यापैकी काही रक्कम मिळाली, तीही सी.जी.एच.एस.च्या दराने. फरक त्याच्या अंगावर बसला. पाटल्या हे लिहिताना अजून सोनाराकडेच आहेत.

२०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे. फिटमेंट फॅक्टरवर भांडायला आपल्यातले सगळेच पुढे येतील, आणि यावेच. पण निवेदनात पॅनेलचे पानही असले पाहिजे. कराराची प्रत दवाखान्यात मराठीत, आणि जेथे जी भाषा तेथे त्या भाषेत, लावावी. यादीत इस्पितळाच्या नावासमोर विभाग आणि कराराची शेवटची तारीख छापावी. तपासणी पथकात संघटनेचा प्रतिनिधी असावा. करार संपण्याआधी प्रत्येक कार्डधारकाच्या मोबाईलवर निरोप जावा. पगाराची चिठ्ठी मोबाईलवर येते, मग हा निरोप का येऊ नये? आणि मुदत संपली तरी तातडीचा रुग्ण जुन्याच दराने घेण्याचे कलम असावे. रेल्वेचे कार्ड देशातल्या कोणत्याही झोनच्या पॅनेलवर चालले पाहिजे.

आयोगाची वाट न पाहता एक काम मात्र लगेच करायचे आहे. प्रत्येक शाखा सचिवाने आपल्या दवाखान्याच्या फलकावरची यादी उतरवून घ्यावी. यादीतल्या प्रत्येक इस्पितळात स्वतः जाऊन काउंटरवर विचारावे, फोनवर नको: करार चालू आहे काय, कोणत्या विभागाचा, कोणत्या तारखेपर्यंत? मिळालेले उत्तर यादीशेजारी लिहून कागद महासंघाच्या कचेरीत पाठवावा. आमच्या विभागातल्या यादीचे काम मी सुरू केले आहे. पहिल्या सहा इस्पितळांत दोन ठिकाणी उत्तर फलकाशी जुळले नाही.