वाकळीचा धडा

शेजारची कानडी मंडळी जिला कौदी म्हणतात, ती आमची वाकळ केवळ दारिद्र्याची खूण होय, असा समज आम्ही भावंडेही बाळगून होतो. म्हणून गेल्या सुटीत आजीची जुनी लुगडी बाजूस सारून आम्ही कोऱ्या मांजरपाटाचे अस्तर घेतले व त्यावर जुन्या साड्यांचे तुकडे धावदोऱ्याने शिवले. पहिल्याच धुण्यात ते कोरे कापड आटले आणि महिन्याभराचे श्रम चुण्यांनी भरले! आजी एवढेच म्हणाली, "बाळांनो, लुगडे शंभरदा धुतलेले, ते आणखी काय आटणार?"

टाके उसवताना आम्हांस उमगले की, जुन्याचा वापर ही नुसती काटकसर नव्हे. ते अनुभवसिद्ध शास्त्र आहे. शिवणकाम मुलामुलींस सारखेच शिकवावे, आणि त्याचा पहिला धडा घरच्या आजीकडून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.