विश्लेषण : नवे मूत्रपिंड दुखत नाही, म्हणून तपासणी जवळ हवी

अकोट, तेल्हारा, बाळापूरच्या खारपाणपट्ट्याला मूत्रपिंडाचे आजार नवे नाहीत. डायलिसिसच्या फेऱ्यांनंतर प्रत्यारोपण झाले की कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. मात्र शस्त्रक्रिया होते अमरावती किंवा नागपूरला. पुढचे आयुष्य जाते अकोटमध्ये. धोका या अंतरातच आहे.

अडथळा का येतो?

दात्याचे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला, जांघेच्या वर बसवतात आणि त्याची मूत्रवाहिनी रुग्णाच्या मूत्राशयाला जोडतात. नळीच्या टोकाला रक्तपुरवठा कमी पडला, तर ती आकसते. शेजारी साचलेल्या लसिकाद्रवाचा दाब, रक्ताची गुठळी, खडा, बीके विषाणूचा संसर्ग किंवा वाढलेले प्रोस्टेट हीही कारणे असतात.

निदान कसे होते?

मुतखडा अडकला की माणूस कळवळतो. प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या संवेदना-नसा आधीच तुटलेल्या असल्याने ते सहसा दुखत नाही. लघवी कमी होते, अंगावर सूज येते. अनेकदा फक्त क्रिएटिनिन वाढते. शरीराने अवयव नाकारल्यास किंवा टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढल्यासही क्रिएटिनिन वाढते. म्हणून सोनोग्राफी लगेच हवी. त्यात फुगवटा दिसला म्हणजे अडथळाच, असेही नाही. मूत्राशय भरलेले असले तरी तो दिसतो. त्यामुळे लघवी करून पुन्हा पाहतात आणि गरजेनुसार आयसोटोप स्कॅन करतात.

उपचार काय?

अडथळा मूत्राशयाच्या खाली असेल, तर कॅथेटर घालतात. वर असेल, तर त्वचेतून मूत्रपिंडात बारीक नळी घालून लघवी बाहेर काढतात. त्यानंतर क्रिएटिनिन उतरले, तर निदानही पक्के होते. मग आकसलेला भाग फुग्याने रुंद करून स्टेंट ठेवतात किंवा मूत्रवाहिनी नव्याने जोडतात. वेळेत झाले तर मूत्रपिंड बहुधा वाचते.

अकोटला काय हवे?

हे उपचार तालुक्यात होणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी या दोन साध्या तपासण्या इथेच, त्याच दिवशी आणि मोफत व्हायला हव्यात. तालुक्यात प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद हवी. वाढलेला आकडा प्रत्यारोपण केंद्राला फोनवर लगेच कळवायला हवा. शस्त्रक्रियेत ठेवलेला स्टेंट काही आठवड्यांनी काढावा लागतो. ती तारीख रुग्णाच्या कार्डावर ठळक हवी. कुणी तरी आपले मूत्रपिंड दिलेले असते. ते दुखत नाही म्हणून गमावणे परवडणारे नाही.