नव्या बाळाला आधी आईबाप कळू द्या

परदेशी स्थायिक झालेले मुलगा-सून दत्तक बाळाला नेण्यासाठी भारतात येतात, तेव्हा पारपत्र व व्हिसा हाती येईपर्यंत बहुधा आपल्याच घरी राहतात. दीड-दोन वर्षांचे ते मूल पहिल्याच दिवशी सर्वांच्या कडेवर जाते आणि आपण म्हणतो, किती लवकर रुळले! वैद्यकीय दृष्टीने हे रुळणे नव्हे. संस्थेत पाळीपाळीने बदलणारे हात पाहिलेल्या बालकाला आपले माणूस कोणते, हे अद्याप उमगलेले नसते. म्हणून पहिले काही आठवडे भरवणे, निजवणे आणि रडताच उचलून घेणे आईबापांनीच करावे. आजीला हे जड जाते, मी जाणतो. ती माया तिने सुनेला गरम जेवण वाढण्यात खर्चावी. बारसे व पाहुणे थांबू शकतात.

संस्थेतून आलेले झबले लगेच धुवू नये. त्याचा वास ओळखीचा असतो. लसीकरणाची नोंद प्रवासात हातातल्या पिशवीत असावी. हिमोग्लोबिन, शौच व क्षयरोगाच्या तपासणीविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. मूल रोड दिसते म्हणून खाण्याची बळजबरी नको. उशीखाली पोळीचा तुकडा सापडलाच, तर रागावू नये. दिवसा त्याच्या हाताशी येईल अशी खाऊची वाटी ठेवावी.