आवर कशास घालावा?

नवें साधन घरांत आलें म्हणजे त्याच्या पाठोपाठ एक जुनाच वाद उंबरठा ओलांडतो. एक पक्ष म्हणतो, यास आवर घातला पाहिजे. दुसरा म्हणतो, आवर घातला तर साधनाचा उपयोग काय? मोबाइलवरून हा वाद आमच्या मुरुडांतील पुष्कळ घरांत चालतो, आणि दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत कांहीं तथ्य आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून आवर घालावा कीं घालूं नये हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून, आवर नेमका कशास घालावा, एवढेंच आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नियमनाचें वाईट रूप कसें असतें हें आपल्या भागास दुसऱ्यांकडून शिकावें लागलें नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत मुरुड निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांत सभा भरविण्यासही सरकारची परवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी आली कीं तें दुसरें नांव धारण करून निघे. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें खून झाला. रझाकारांविरुद्ध निर्भयपणें लिहिणें हाच त्यांचा अपराध होता. सत्तेस न रुचणारें बोलणें तेवढें गुन्हा ठरविणारा नियम प्रजेचें रक्षण करीत नाहीं, सत्तेचें करतो.

स्वराज्य आल्यानें हा मोह संपला, असेंही नाहीं. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईचे व्यवहार बंद राहिले. त्याविषयीं फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीस, आणि त्या ओळी पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीस, पोलिसांनीं अटक केली. त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम होतें. दुसऱ्यास त्रास किंवा गैरसोय होईल असा मजकूर धाडणें, इतक्या सैल शब्दांवर तें उभें होतें. आपल्या घरांतील कोणती सून, कोणता पुतण्या या जाळ्यांत सांपडणार नाहीं? २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलें, हें योग्यच झालें.

परंतु येथेंच थांबून 'सर्व मोकळें सोडा' म्हणणाऱ्यांनीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा आठवावा. १ जुलै २०१८, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून त्या मुलखांत पसरली होती. भिक्षेसाठीं हिंडणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण तेथें आले. जमावानें त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून ठार मारलें. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांनीं सुपांतून धान्य घातलें, त्याच समाजाचे ते लोक! त्या अफवेस मूळ कर्ता कोण, हें शोधून तरी काय लाभ? एकानें रचली असेल. पण धाडली हजारोंनीं, आणि त्यांतील बहुतेकांनीं मुलांच्या काळजीपोटींच धाडली असेल.

म्हणजे येथें दोष जिभेचा थोडा आणि वेगाचा फार. पूर्वीही गांवांत कंडी पिके. पण ती पायीं चाले, आणि वाटेंत कोणी शहाणा माणूस तिला अडवून 'तूं स्वतः पाहिलेंस का?' असें विचारी. आतां त्या शहाण्यास मध्यें उभें राहण्यास अवसरच उरला नाहीं.

त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें धाडतां येईल, असें बंधन घालण्यास आरंभ केला. जानेवारी २०१९ मध्यें तें जगभर लागू झालें. एप्रिल २०२० पासून अनेक हातांतून फिरलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येऊं लागला. त्यानंतर असे निरोप सत्तर टक्क्यांनीं घटले, असें कंपनीनें सांगितलें. यांतील मर्म असें कीं, या उपायास पत्र फोडावें लागत नाहीं. निरोप किती हातांतून आला याची मोजणी होते. आंत काय लिहिलें आहे तें कोणी वाचीत नाहीं. बोलणाऱ्याचें तोंड मोकळें राहिलें, धांवणाऱ्या यंत्रास मात्र लगाम बसला.

हा उपाय पुरेसा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्या वेळीं एका गटांत २५६ माणसें मावत. पांच गट म्हटले तरी हजारावर माणसें झालीं. शिवाय ही सुधारणा माणसें मेल्यावर सुचली, आणि तीही सरकारी दडपण आल्यावर. कंपनीच्या सद्बुद्धीवर सर्व भार टाकणें शहाणपणाचें नव्हे; वेगास मर्यादा घालण्याची सक्ती कायद्यानें करावी. मात्र कोणतें मत बोलावें हें त्यानें ठरवूं नये.

आणखी एक मार्ग सरकारास फार सोपा वाटतो : सर्वच बंद करणें. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आरक्षणाच्या आंदोलनांत जाळपोळ झाल्यावर आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत इंटरनेट बंद करण्यांत आलें. शांतता राखणें सरकारचें कर्तव्यच आहे. पण अशा बंदीनें अफवेबरोबर तिचें खंडनही थांबतें. दुकानदाराचे पैसे अडतात आणि विद्यार्थ्याचा अर्ज राहतो. असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, आणि बेमुदत बंदी चालणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० रोजीं काश्मीरच्या प्रकरणांत बजावलें आहे. १८८५ च्या तार कायद्याच्या जागीं २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा झाला, त्यांतही सेवा थांबविण्याचा अधिकार सरकारानें राखून ठेविला आहे. तो अधिकार कसा वापरला जातो, इकडे नागरिकांनीं लक्ष ठेविलें पाहिजे.

राहिला आपला भाग. एकत्र कुटुंबांत वडील मंडळींचा शब्द खरा मानला जातो, म्हणूनच त्यांनीं धाडलेला निरोप नातवंडें पारखून घेत नाहींत. तेव्हां आवर घालण्याचा आरंभ मुलांपासून न करतां थोरांपासून करावा. 'असें कळतें', 'सर्वांना सांगा' अशा शब्दांनीं सजलेला निरोप आला, तर तो कोणीं, कोठून, केव्हां लिहिला एवढें विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत तो आपल्याजवळच ठेवावा. दारीं अनोळखी भिक्षेकरी उभा राहील तेव्हां त्याच्याविषयीं घरच्यांच्या मनांत संशय असावा कीं दया, हें पुष्कळ अंशीं आदल्या रात्रीं आपण काय पुढें धाडलें यावर ठरणार आहे.