दूरस्थ दप्तर आणि नवे वतनदार

संगणक विकत आणला, त्यांत प्रणाली बसविली, उद्घाटनाचा नारळ फुटला, म्हणजे संस्था आधुनिक झाली अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची दृढ समजूत झालेली आहे. प्रणाली बसविणें आणि ती आपल्या कामास लावून घेणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत, हें मात्र कोणी मनावर घेत नाहीं. अंगरखा बाजारांतून आणला तरी तो अंगास बसतो कीं नाहीं हें शिंप्यास पहावेंच लागतें. हें शिंपीकाम आपण सर्वस्वीं परक्या हातीं सोंपविलें आहे, अशी आमची तक्रार आहे.

उदाहरण ग्रंथालयांचें घेऊं. कोहा ही प्रणाली न्यूझीलंडमध्यें तयार होऊन 2000 सालीं प्रथम वापरांत आली. ती विनामूल्य असल्यामुळें आपल्याकडील पुष्कळ महाविद्यालयांनीं घेतली. ती चालते लिनक्सवर. म्हणजे 1969 सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ज्याचा पाया घातला, त्या युनिक्सच्या वळणावर उभारलेल्या यंत्रणेवर. आणि तें यंत्र पुष्कळदां कागलांत नसतें, कोल्हापुरांतहि नसतें. मुंबईस किंवा त्याहून दूर भाड्याच्या जागेंत असतें. त्यास बहुधा पडदा नसतो कीं माऊस नसतो. त्याच्याशीं बोलावयाचें तें लेखी आज्ञेनें.

आमच्या परिचयाच्या एका ग्रंथालयांत सकाळीं अकरा वाजतां नेलेल्या पुस्तकाची नोंद पहांटे साडेपांचची होत असे. ग्रंथपाल ब्राह्ममुहूर्तीं दार उघडतात अशी त्यांची निष्कारण कीर्ति झाली! कारण इतकेंच कीं, दूरच्या यंत्राचें घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होतें, आणि ती आपल्या वेळेच्या साडेपांच तास मागें. शिवाय सूचींत ‘काळ’ आधीं आणि ‘काव्य’ मागून. यंत्रास भाषा सांगितली नाहीं, तर तें अक्षरें त्यांच्या सांकेतिक अंकांप्रमाणें लावतें. युनिकोडमध्यें ळचा अंक वच्या आधीं येतो, आणि आपल्या वर्णमालेंत तर ळ हच्याहि मागून. यांपैकीं घड्याळाचा दोष काढावयास डेबियन यंत्रावर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर टीझेडडेटा’ ही एक ओळ पुरते. आधीं बसविलेल्या प्रणालीस तिचे मूळ प्रश्न पुन्हा विचारावयास लावणारी ही आज्ञा आहे. पण ‘कंत्राटदाराचा मनुष्य येईल तेव्हां पाहूं’ या एका वाक्यावर तेथें वर्ष निघालें. यंत्राचा गुप्तशब्दहि त्या कंत्राटदाराजवळच होता.

कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मलेल्या शाहू छत्रपतींनीं 1918 सालीं आपल्या संस्थानांतील कुलकर्णी वतनें बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. गांवचें दप्तर मोडींत, मोडी वाचणारे थोडे, आणि आपल्याच शेताच्या नोंदीसाठीं रयतेनें दुसऱ्याच्या ओटीवर तिष्ठावें, ही स्थिति त्यांना असह्य झाली. परंतु महाराजांनीं केवळ वतन काढलें नाहीं. त्याच सुमारास प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. हा दुसरा भाग आपण सोयिस्करपणें विसरतों. नव्या वतनदारास नांवें ठेवणारे प्राध्यापक आम्हीं पुष्कळ पाहिले. त्याची लिपि शिकावयास बसलेला एखादाच.

या लिपीविरुद्ध दोन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. एक असा कीं, चित्रांवर टिचकी मारून सर्व होत असतां ही काळ्या पडद्याची जुनाट विद्या हवी कशाला? टिचकीची नोंद राहत नाहीं, हें त्याचें उत्तर. आज्ञा वहींत लिहून ठेवतां येते, मागाहून येणाऱ्यास देतां येते, चुकली तर कोणत्या अक्षरांत चुकली हें दाखवितां येतें. संस्कृत व्याकरणावर पोसलेल्या आमच्या पंडितांस या गुणाचें महत्त्व सांगावें लागावें, हें आश्चर्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: एका चुकीच्या ओळीनें सारें बिघडेल. बिघडूं शकतें खरें. दूरच्या यंत्रांत शिरण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे ‘एसएसएच’. 1995 सालीं फिनलंडच्या तातू यलोनेन यांनीं तो रचला, कारण पूर्वीच्या टेलनेटमध्यें गुप्तशब्द वाटेंत उघडा पडे. या दाराचीच व्यवस्था बदलतांना चूक झाली तर बदलणाराच बाहेर अडकतो. परंतु त्यावर तोड आहे. मूळ फाइलीची प्रत आधीं काढावी, ‘एसएसएचडी -टी’ या आज्ञेनें नवा मजकूर तपासावा, आणि नवें दार उघडतें अशी खात्री होईपर्यंत जुनी बैठक मोडूं नये. (या फाइली ज्या कप्प्यांत असतात त्याचें नांव ‘ईटीसी’, म्हणजे ‘इत्यादि’! सारी मर्मस्थानें ‘इत्यादि’मध्यें ठेवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीस आमचा नमस्कार.) स्वयंपाकघरांत विस्तव आहे म्हणून मुलींस स्वयंपाक शिकवूं नये असें आपल्या आजीबाई कधीं म्हणाल्या नाहींत.

2001 पासून आपल्या राज्यांत एमएस-सीआयटीचा वर्ग गांवोगांवीं पोंचला. त्यानें भय मोडलें हें मान्य. पण त्याचा भर विंडोज आणि ऑफिस यांवर. दूरच्या यंत्राशीं बोलण्याची विद्या त्यांत येत नाहीं. ती आमच्या महाविद्यालयांनीं द्यावी, आणि केवळ विज्ञानशाखेस नव्हे, ग्रंथालयशास्त्राच्या व मराठीच्या विद्यार्थ्यांसहि. तोंवर निदान करारपत्रांत दोन अटी तरी घालाव्या: यंत्राचा गुप्तशब्द संस्थेच्या तिजोरींत राहील, आणि कंत्राटदारानें दिलेली प्रत्येक आज्ञा तारखेसह संस्थेच्या वहींत उतरेल. ज्या कंत्राटदारास या अटी जाचक वाटतील, त्याचें बिल थांबवावें.