शेरवानी कुणाच्या बापाची?

गोष्ट लातूरची आहे. गंजगोलाईपासून फार लांब नसलेल्या एका शादीखान्यात समाजातील गुणवंतांच्या सत्काराचा जलसा होता. नांदेडची एक मुलगी वकिलीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली होती. तिचेही नाव पत्रिकेत छापले होते. ती आली ती आपल्या दादांची काळी शेरवानी घालून. निजामाच्या अमदानीत कचेरीत कारकुनी केलेल्या दादांची ती शेरवानी, वर्षानुवर्षे पेटीत डांबराच्या गोळ्यांत पडलेली. इतवाऱ्यातल्या एका म्हाताऱ्या टेलरमास्तराने खांदे उतरवून, लांबी कमी करून ती तिच्या मापाची केली. खाली पांढरा पायजमा, डोक्यावर नीट पिन लावलेला स्कार्फ. चेहरा आणि पंजे सोडले तर अंगाचा एक इंचही उघडा नव्हता.

दारातच संयोजकांपैकी एका बुजुर्गांनी तिला अडवले. "बेटी, ये मर्दाना लिबास है. बदल के आओ, नहीं तो पीछे बैठो." बदलायचे कुठे? घर नांदेडला. ती मागे बसली. तिचे नाव पुकारलेच गेले नाही. जलसा संपल्यावर प्रमाणपत्र आणि ट्रॉफी तिच्या अब्बांच्या हाती देण्यात आली. अब्बांच्या अंगावर काय होते? कोट, पॅन्ट आणि टाय.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आम्ही काहीच बोललो नाही. बिर्याणी खाल्ली आणि नांदेडची बस पकडली. त्या बिर्याणीचे देणे फेडायचे म्हणून हे लिहितो आहोत.

आधी दीनची बाजू घेऊ, कारण तीच आमच्या तोंडावर फेकली जाते. पुरुषांची नक्कल करणाऱ्या बायका आणि बायकांची नक्कल करणारे पुरुष यांच्यावर लानत आहे, अशी हदीस इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हवाल्याने बुखारी शरीफमध्ये आहे. आम्ही ती नाकारत नाही. आमचा सवाल एवढाच आहे की कोणता कपडा पुरुषाचा आणि कोणता बाईचा, हे ठरवतो कोण? अरबस्तानात पुरुष घोट्यापर्यंतचा झगा घालतो. केरळात पुरुषही मुंडू नेसतो, बाईही नेसते. हे त्या त्या मुलुखाच्या रिवाजावर ठरते, आणि फिकहच्या जाणकारांनीही रिवाजाला, म्हणजे उर्फला, वजन दिलेले आहे. आमच्या नान्या-दाद्या पायजमा-कुर्ता घालत होत्या. त्या काळी मराठवाड्यातल्या आमच्या हिंदू शेजारणींना पायजमा हा 'मुसलमानी' वाटायचा. आज त्यांच्याच नाती त्याला पंजाबी ड्रेस म्हणून कॉलेजात घालून जातात. रिवाज बदलला, आभाळ कोसळले नाही.

नक्कल करू नये असे सांगणारी दुसरीही एक हदीस अबू दाऊदमध्ये आहे. जो दुसऱ्या कौमची नक्कल करतो तो त्यांच्यातलाच, असा तिचा मतलब. मग देगलूर नाक्यावरच्या कोणत्याही शादीत जाऊन बघा. नवरदेव थ्री-पीसमध्ये, गळ्यात टाय, खिशात लाल रुमाल. हा पोशाख कोणत्या कौमचा? निकाह पढवणारे मौलाना त्याला 'जाओ बेटा, बदल के आओ' म्हणत नाहीत. उलट त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात. पुरुषाने इंग्रजाचा कोट घातला की तरक्की, आणि पोरीने आपल्याच दादांची शेरवानी घातली की बेअदबी. हा इन्साफ कोणत्या किताबातला?

बरे, ही शेरवानी तरी कुठून आली? आमच्यातले पुष्कळ जण ती मदिनेहून आली असे समजून छाती फुगवतात. ती आली एकोणिसाव्या शतकात, आपल्याकडची अंगरखा-अचकन आणि इंग्रजांचा फ्रॉक कोट यांच्या मेळातून. निजामाच्या राज्यात ती दरबाराची आणि कचेरीची झाली. मग मुसलमानच नव्हे, ब्राह्मण आणि कायस्थ अंमलदारही ती अंगावर चढवून, टोपी घालून कामावर जायचे. ज्यांना ऐपत होती ते औरंगाबादच्या हिमरूची शिवून घ्यायचे. १९४८ च्या सप्टेंबरात राज्य गेले, आणि ती शेरवानी पेटीत गेली. त्यानंतर तिला बाहेर काढले ते शादीच्या दिवशी नवरदेवाने, तेही भाड्याने आणून. दादांच्या पेटीतली खरीखुरी शेरवानी कोणी मुलाने काढली नाही. एका मुलीने काढली. आणि आम्ही तिला मागच्या खुर्चीवर बसवले!

हीच मुलगी काही दिवसांनी नांदेडच्या कोर्टात काळा कोट आणि पांढरे बँड लावून उभी राहील. तो कोट काय बायकांसाठी शिवला होता? १९२३ च्या कायद्याने हिंदुस्थानात बायकांना वकिलीचा दरवाजा उघडला, तोवर तो जवळजवळ पुरुषांचाच होता. पोलीस भरतीत निवड झालेली आमच्या मोहल्ल्यातली मुलगी खाकी शर्ट-पॅन्ट, पट्टा आणि बूट घालून बंदोबस्ताला उभी राहते, तेव्हा हेच बुजुर्ग तिला कौतुकाने सलाम करतात. म्हणजे पगार मिळत असेल तर मर्दाना लिबास चालतो. मान मिळत असेल तर चालत नाही. खरी गोम इथे आहे. कपड्याला कोणाचा विरोध नाही. स्टेजवर, फोटोत, बरोबरीच्या थाटात बाई दिसण्याला विरोध आहे.

तवारीखची आठवण करून द्यावी तर दिल्लीच्या रझियाचे नाव सगळे घेतात. तिने जनानी पोशाख सोडून कबा आणि कुलाह चढवली, असे तिच्या काळचा मिनहाज सांगतो. पण दिल्ली लांब आहे. आपली दख्खन घ्या. १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या फौजेने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा दिला, तट फोडला. त्या खिंडारात चांदबीबी उभी राहिली ती अंगात चिलखत, हातात नंगी तलवार आणि चेहऱ्यावर नकाब घेऊन, असे फरिश्त्याने लिहून ठेवले आहे. चिलखत मर्दाना, नकाब जनाना. खिंडारावरच्या कोणी तिला बदलून या म्हटल्याची नोंद नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या दोस्तांनाही दोन शब्द. जलशानंतर काही पुरोगामी मंडळी त्या मुलीकडे गेली आणि म्हणाली, शेरवानी झकास, आता तो स्कार्फही काढ, म्हणजे खरी क्रांती होईल. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला होता की बाईला पुरुषी कपडे घालायचे असतील तर पोलिसांचा परवाना हवा. त्याच शहरात १९६६ साली ईव्ह सां लोरां या शिंप्याने (जन्म अल्जीरियातल्या ओरानचा) बायकांसाठी पुरुषी टक्सिडो शिवला आणि त्याचा गवगवा जगभर झाला. पण तो जुना हुकूम आता बाद आहे, असे सरकारने जाहीर केले २०१३ मध्ये, आणि ते सांगणारी मंत्री होती मोरोक्कोत जन्मलेली नजात व्हालो-बेलकासेम. दरम्यान त्याच फ्रान्सने २००४ मध्ये शाळेतल्या पोरींच्या डोक्यावरचा रुमाल कायद्याने उतरवला होता. बाईने काय चढवावे आणि काय उतरवावे, याची उठाठेव करण्यात कोणतीच राजधानी मागे नाही.

आणि आमचे काय? उदगीरच्या पुढे बिदर, तिथून कर्नाटक सुरू होते. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने वर्गात हिजाब बंद केला, हायकोर्टाने तो हुकूम कायम ठेवला, सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. तेव्हा आम्ही नांदेडात आणि लातुरात निवेदने दिली. काय लिहिले होते त्यांत? आमच्या मुली काय घालतील ते त्या ठरवतील, दरवाजात उभा राहून कोणी त्यांना अडवू नये. त्या निवेदनावर आमची सही आहे. दरवाजात मुलीला अडवणाऱ्या त्या बुजुर्गांचीही आहे.

यंदाच्या जलशाची पत्रिका परवा आली. खाली बारीक टाइपात छापले आहे की मुलींनी इस्लामी आणि जनाना पोशाखात यावे. मुलांसाठी अशी ओळ नाही. आम्ही पत्रिका परत पाठवली आहे आणि सोबतच्या चिठ्ठीत विचारले आहे, मुलांनी टाय घालून यावे की न घालता? जवाब अजून आलेला नाही. टेलरमास्तर मात्र सांगत होते की त्यांच्याकडे आणखी दोन मुली दादांच्या शेरवान्या घेऊन माप द्यायला येऊन गेल्या.