सोफा-कम-बेड खचलाय? आधी खालून बघा!

भेडाघाट बघायला आत्या पुण्याहून आली आणि आमच्या हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपली. सकाळी "छान झोप लागली गं" म्हणाली खरी, पण एक हात कमरेवर होता. ती गेल्यावर एक रात्र मीच तिथे झोपले. मधोमध खड्डा आणि घडीच्या जागी लोखंडी पट्टी थेट पाठीत!

अशा वेळी आपण वर आणखी एक गादी टाकतो. पण मऊ गादीही त्याच खड्ड्यात वाकते. आधार खालून हवा. फोम उचलून बघा. खालचे इलॅस्टिकचे पट्टे सैल पडले असतील, तर सोफा दुरुस्त करणारा ते बदलून देतो. तोवर 12 मिलिमीटर जाडीचं प्लायवुड घाला. अखंड नको हं, घडीच्या रेषेवर दोन तुकडे करून घ्या, नाहीतर सोफा मिटणारच नाही (आमचा पहिल्यांदा मिटला नव्हता). कडा घासून घ्या. हवा खेळायला थोडी भोकंही पाडा, कारण पावसाळ्यात फोम खालून ओल धरतो.

मधल्या फटीत जुन्या चादरीची घट्ट वळकटी बसवा, वर दोन इंची कापसाची गादी. फोम कडक उन्हात ठेवू नका. कापसाची गादी मात्र खुशाल गच्चीवर टाका, छान फुलते.

दिवाळीत आत्या परत येतेय. या वेळी झोप कशी लागली ते विचारणार नाही, तिचा हात कुठे आहे ते बघणार.